चावी कोणाकडे

आंबेखोल, इयत्ता पाचवी ते आठवी.
पट एकोणीस.
वीस हवेत, असं तालुक्याहून पत्र आलंय,
नाहीतर पुढल्या जूनपासून ही मुलं
खाडीपलीकडच्या शाळेत, तरीनं.
म्हणून मी आठवडाभर घरं मोजते आहे.

मी लातूरकडची, सपाटीवरची.
इथे एका घरून दुसऱ्या घरी जायचं म्हणजे
चाळीस पायऱ्या उतरा, साकव ओलांडा,
आणि पुन्हा तेवढ्याच चढा.
फॉर्मात रकाने: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख,
सहा ते चौदा वयाची मुलं.
तेलीवाडीत घरं चौदा, कुलपं नऊ.
वरच्यावाडीत अकरा, सात.
कुलपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या,
खाऱ्या वाऱ्यानं गंजू नयेत म्हणून.
मी लिहीत गेले: बंद. बंद. बंद.
मोहल्ल्यात आफियाच्या चुलतीनं सांदणं दिली,
मुलगा नाही दिला.
त्याला न्यायला रोज पिवळी बस येते,
ती आमच्या फाटकासमोरच वळते.

शनिवारी मुलांना म्हटलं, नकाशा काढा,
आपल्या शाळेच्या हद्दीतली सगळी घरं.
जुनी कॅलेंडरं उलटी करून खळीनं जोडली.
बंद घरांना करडा रंग द्या, म्हटलं.
करडा खडू कुणी उचलेना.
"बाई, ता घर बंद नाय," सुयोग गोताड म्हणाला,
"त्याची चावी आमच्याकडं हाय."

मग सगळेच बोलू लागले.
धनावड्यांची चावी खडप्यांकडे, मिठाच्या बरणीमागे.
पोस्टमनच्या घराची मोहल्ल्यात, होडेकरांकडे,
का, ते आता कुणालाच आठवत नाही.
रेवाळ्यांच्या दोन: एक दाराची,
एक नुसत्या देव्हाऱ्याची, दिवा लावायला.
लाल खडूनं घराला घर जोडत गेली मुलं.
रस्ता जात नाही तिथूनही रेघा गेल्या.

बौद्धवाडीकडे एकही गेली नाही.
मी ते पाहिलं. सुगंधा मोहितेनंही पाहिलं असणार,
ती समुद्र रंगवत होती,
लागतो त्याहून कितीतरी जास्त निळा.
मग उठली, आणि त्याच निळ्या खडूनं
शाळेच्या दारापासून स्वतःच्या दारापर्यंत
एक रेघ ओढून परत समुद्राशी जाऊन बसली.
तिची आई आमची खिचडी शिजवते,
रोज सातला तीच शाळा उघडते.
मला माहीत होतं.
मी काढला असता नकाशा
तर ती रेघ आली नसती.

घंटा झाल्यावर दिलमाया मागे थांबली.
तिचे वडील कलमांच्या बागेत राखणीला,
नेपाळातून आलेले.
"बंगल्याची चावी आमच्याकडे," म्हणाली,
"पण आम्ही शेडमध्ये राहतो. कुठलं घर काढू?"
दोन्ही काढ, म्हटलं.
शेडच्या दारात तिनं चार माणसं काढली.
चौथा कोण?
"भाऊ. दहा वर्षांचा. माकडं हाकलतो."

आंबा उतरला की ते जातील, ठाऊक आहे मला.
पट मोजायची तारीख त्याच्या आधी येते.
फॉर्मात चावीचा रकाना नाही,
मी समासात लिहिलंय, बारीक अक्षरात.
सोमवारी बागेत जाते.
चाळीस पायऱ्या, साकव, चाळीस पायऱ्या.
त्याला सांगेन, दप्तर मी देते,
फक्त ती गलोल वर्गात आणू नकोस.
किंवा आण.