इसम

भुसावळच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, इसब.
माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात चष्मा घरी.
मी वाचलं, इसम.
म्हटलं, बरोबर आहे.
दोन वर्षं झाली, कुणी एक इसम
माझ्या हातापायांत येऊन राहिलाय,
ना ओळख, ना भाडं.

आधी बोटांच्या बेचक्यांत शिरला.
भिजल्या साबुदाण्याएवढे फोड, आत पाणी.
मग तळहातभर पसरला,
मग टाचा चिरून खाली उतरला.
दिवसा निजतो, रात्री उठतो.
मी बाजेच्या सुंभावर तळवे घासत बसते
आणि हे झोपेतच म्हणतात,
"पुरे आता, बाज तुटीन."

माझे हात काय होते, ते सावद्यात विचारा.
पुरणाचा उंडा
या हातावरून त्या हातावर,
मनगटावरून कोपरापर्यंत,
झुलवत, झुलवत,
पलीकडचा जाळ दिसेल इतका पातळ,
आणि एका झोक्यात उलट्या खापरावर.
फेगड्यांच्या लग्नात एका रात्रीत साडेतीनशे मांडे,
एकही फाटला नाही.
(एक फाटला होता. तो मीच खाल्ला.)

ओल्या कणकेत हात, मग जाळापाशी,
पुन्हा कणकेत, पुन्हा जाळापाशी, तीस वर्षं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पाणी टाळा, पीठ टाळा, धग टाळा.
मी म्हटलं, एवढं टाळल्यावर
मी कुठं उरते, तेही लिहून द्या.
त्या हसल्या नाहीत.
मलमाची नळी दिली, बोटाच्या पेराएवढं लावायचं.

लागट नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
मी गल्लीत वीसदा सांगितलं.
तरी उषाबाई नेहेत्यांकडे
सगळ्यांना चहा काचेच्या ग्लासात
आणि मला कागदी कपात.
चहा तोच होता. साखरही तेवढीच.
कुणी निंबाचा पाला सांगितला, कुणी गोमूत्र,
कुणी मागच्या जन्मीचं काहीबाही.
मागचा जन्म मला आठवत नाही.
याच जन्मातली कणीक आठवते.

वैशाखात केळीची पानंसुद्धा उन्हाला भिऊन मिटतात,
आणि मी भरदुपारी मलम लावून
यांचे जुने मोजे चढवून बसते.
दारावरून जाणारा पोरगा विचारतो,
"आजी, तुले थंडी वाजती का?"
व्हय रे बाबा, म्हणते,
काश्मीरहून पाहुणा आलाय.

नेहेत्यांच्या धाकट्याच्या लग्नाची ऑर्डर
माझ्याच नावानं आली.
अट एकच, हात माझा लागायचा नाही.
मांडे करायचे मयुरीनं, माझ्या सुनेनं.
जामनेरची पोर, बँकेच्या परीक्षा देते,
कणकेला अजून भिते.
मी खापराशेजारी पाटावर,
हात मांडीवर, सुती हातमोज्यांत,
बोलावलेल्या पण न वाढलेल्या पंगतीसारखे.

मनगट ढिलं सोड. ओढू नको, पडू दे तिला.
तिच्या वजनानं तीच ताणते.
पहिला फाटला. दुसरा खापरावर गोळा झाला.
तिसऱ्याचं पुरण चुलीत.
चौथ्याला ती रडवेली झाली. पाचव्याला मी.
सहावा
कोपरापर्यंत आला, थरथरला, थांबला,
त्यातून मला तिचा चेहरा दिसला
आणि मग खापरावर पडला, पूर्ण, गोल.
मी काही बोलले नाही.
मांडीवर पाहिलं तर
हातमोज्यांतली माझी बोटं
आपली आपणच उंडा झुलवत होती.

पहाटे सगळं उरकल्यावर
फाटलेले पाच मांडे आमच्या वाटणीचे.
हातमोजे काढले.
मांडा आमरसात बुडवला
आणि रस बोटाच्या भेगेत गेला,
असा चुरचुरला की डोळ्यांपुढं खापर फिरलं.
मयुरी म्हणाली, "आत्या, चमचा आणू का?"
नको म्हटलं, राहू दे.
रात्रभर जागलाय बिचारा.
त्यालाही जेवू दे.