चाळीस फूट

"घरापासून चाळीस फूट सोडा," एमिल म्हणाला,
"ओक आहे. हातपाय पसरणारच.
ऊन डोक्यावर हवं, चिकणमाती चालेल.
पहिली काही वर्षं वर फारसं दिसणार नाही,
तो खाली पाणी शोधत असतो.
आणि सोटमूळ दुखवू नका,
एकदा बसला की हलत नाही."

"सावली कधी?"
एमिल पावती लिहीत राहिला.

नेब्रास्काच्या वाऱ्यात लुडमिलाने पावलं मोजली.
सोळा. पुढे तार, तारेपलीकडे मका.
म्हणजे अर्धी सावली मक्याला. असो.
गुडघे टेकून खणलं.

संध्याकाळी खुर्ची आणली.
वीतभर रोप, अकरा पानं.
सावली सरकत बुटाच्या नाडीपर्यंत आली.

तिने पाय हलवला नाही.