कळ

चाळीस हिवाळे मी कॉडच्या पाठी उघडल्या.
सुरी मानेपाशी घालायची, शेपटीकडे ओढायची,
कणा अखंड निघाला पाहिजे.
म्हणून बूडोच्या इस्पितळात
डॉक्टर स्कार्स्टाइननं माझ्या पाठीचा फोटो पडद्यावर लावला
तेव्हा मी आधी त्याचे हात पाहिले.
कोरडे. एकही चीर नसलेले.

"चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलीय,
नसेवर बसलीय," तो म्हणाला.
मी म्हटलं, "मग काढ की. परतीची बोट शुक्रवारी आहे."

तो हसला नाही.
"बहुतेक गाद्या आपणहून आक्रसतात.
दुखतंय एवढ्यावर मी सुरी धरत नाही.
सहा आठवडे कळ काढ, रानवाइग.
चालत राहा. पडून राहू नकोस."

दाराशी मात्र त्यानं मला थांबवलं.
पाऊल लुळं पडलं,
लघवी कळेनाशी झाली,
किंवा खोगीर टेकतं तिथं बधिर वाटलं,
तर मध्यरात्र असली तरी फोन.
खोगीर?
आमच्या बेटावर घोडा एकच, तोही म्हातारा.

ओडमुन बोटीवर धुसफुसत राहिला,
एवढं लांब जाऊन कापलंसुद्धा नाही म्हणून.

मग कळ. कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत
गार तारेसारखी.
जेवण उभ्यानं, फ्रीझरला टेकून.
दीपस्तंभापर्यंत चालायचं, परत यायचं,
वाटेत मांडवांवर मासे वाळताना दिसायचे.
माझ्या वाटचे बोरगिलनं टांगले,
काही न बोलता. नणंद आहे, पुढे कधीतरी बोलेल.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी
कळ नव्हती.
मी वॅफल केले. बहिणीला फोन केला.
ओडमुननं रेडिओ मोठा लावला.
चादरी आणायला माडीवर गेले
आणि वर पोचून पाहिलं तर
डाव्या पायात सपाता नव्हती.
ती खाली तिसऱ्या पायरीवर,
दमून बसल्यासारखी.
कधी गळली ते मला कळलंच नव्हतं.

अंगठ्याला म्हटलं, उठ.
त्यानं ऐकलं नाही.

इतके दिवस नस हाका मारत होती.
तिचा आवाज बसला,
आणि मी वॅफल केले.

हेलिकॉप्टरमधून बेट
एवढंएवढंसं दिसलं.
या वेळी स्कार्स्टाइननं फोटोकडे ओझरतं पाहिलं,
माझं पाऊल हातात धरलं, म्हणाला, "आज. आत्ता."

शुद्धीवर आले ती विचारत,
कणा अखंड निघाला का?
"कणा जागेवरच आहे," तो म्हणाला.
"फक्त गादीचा तुकडा काढला. नखाएवढा."
या वेळी हसला.

पाऊल अजून उंबऱ्याला अडतं.
सहा महिने, वर्षही लागेल म्हणतात,
किंवा एवढंच राहील, तेही म्हणतात.
सपाता मी सुतळीनं बांधते,
माशांच्या शेपट्या जोडीनं बांधायची तीच सुतळी,
आणि पलंगाच्या कडेला बसून
रोज सकाळी अंगठ्याला हुकूम सोडते.
काल त्यानं ऐकलं.
आज ओडमुन बघायला आला तर नाही.