सेकंड

सव्वा कोटीची गाडी. पुण्याहून ट्रकच्या पाठीवर बसून आली.
अक्कलकोट रोडला, कारखान्याच्या फाटकात उतरली
तेव्हा पाळी सुटत होती.
लोक केसांतला कापूस झटकत बाहेर आले, बघत राहिले.

दाराला मूठ नाही. जवळ गेलं की बाहेर येते.
माझ्यासाठी येते. बायकोसाठी कधी येते, कधी नाही.
तिनं अजून मनावर घेतलेलं नाही.

एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत, पडदा काळा पडला.
पांढरी अक्षरं : थोडं थांबा, गार होत आहे.
सोलापुरात कुठं थांबू बाई, सावली दाखव,
तर नकाशाही त्याच पडद्यात.

सॉफ्टवेअर रात्री येतं, आम्ही झोपल्यावर.
सकाळी एसीचं बटण दुसरीकडं.
गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानाजवळ
फुगेवाल्याला बघून ब्रेक आपोआप लागला,
फुगे पार पुढं गेले तरी सोडेना.

टॉवेल एकदा मागावरून उतरला की उतरला.
तुटका धागा असला तर तो तिथंच असतो,
बोट ठेवून दाखवता येतो.
हिची चूक आज दारात, उद्या कॅमेऱ्यात,
परवा म्हणे चूक नव्हतीच, तशीच रचना आहे.

राजमल्लू कुरापाटी, आमचा जॉबर, सदतीस वर्षं.
गाडीभोवती एक फेरी मारली. विचारलं काही नाही.
उजव्या दाराच्या फटीत नख घातलं, अडलं.
डाव्या दाराच्या फटीत घातलं, आख्खं बोट गेलं.
'मालक, हा पीस मी सेकंडमध्ये टाकला असता.'

मी हसलो. रात्री जेवताना परत आठवलं.

खोटं कशाला बोलू,
चाळीस वर्षं खटखट खाल्लेले हे कान.
होटगी रोडला रात्री एकटाच निघालो, काचा वर,
तेव्हा कळलं
एक माग डोक्यात अजून चालू आहे,
बाणा संपला तरी.

त्याच शांततेत डॅशबोर्डची कुरकुर ऐकू आली.
पुण्याच्या पोरानं लॅपटॉप जोडला,
म्हणाला, सर, यात तर काहीच दिसत नाही.
राजमल्लूनं कान लावला.
कटिंगमध्ये उरलेली टॉवेलची किनार, बोटभर,
पेचकसाच्या टोकानं आत दाबली.

गप्प.

परवा पडद्यावर आलं :
नवी आवृत्ती. केबिनमधला आवाज कमी केला आहे.
मी 'ठीक आहे' दाबलं.