एक मेपर्यंत

ओव्हनवरचं घड्याळ अजून हिवाळ्यातच आहे,
एक तास मागे.
म्हणजे तुला अजून एक तास आहे, बाबा म्हणतो.
त्याचे विनोद असेच, नॉर्थ डकोटाच्या गव्हासारखे, कोरडे.

टेबलावर दोन पाकिटं.
एक जाड, मेणचट, वर उठावाची मुद्रा,
खाली लॅटिन, जी या घरात कुणालाच येत नाही.
दुसरं साधं, पत्त्यात आमचा रस्ता चुकलेला,
तरी पोस्टातल्या आर्लीनने आणून दिलेलं.

पहिल्या ठिकाणी गेलो ऑक्टोबरात, नऊ तास गाडी हाकत.
वाट दाखवणारी मुलगी उलटी चालत होती,
पायऱ्यांवरूनसुद्धा, एकदाही मागे न बघता.
मी विचारलं, डॉक्टर व्हायचं म्हणून पहिल्या वर्षाला येतात किती
आणि शेवटी अर्ज भरतात किती?
ती हसली. आमच्याकडचे नव्वद टक्के लागतात, म्हणाली.
नव्वद टक्के कुणाचे,
हे आईने विचारलं परतताना, पेट्रोल भरता भरता,
मला.

उत्तर नंतर कळलं. दुसऱ्या वर्षाला सेंद्रिय रसायनशास्त्र,
एका सभागृहात साडेतीनशे जण, तीच म्हणे चाळणी.
बाबा बत्तीस वर्षं धान्यकोठाराच्या काट्यावर आहे,
चाळणी म्हटलं की त्याचे कान टवकारतात.
"कुठली चाळणी, ते विचार.
पिठाची असेल तर खाली पडतं ते कामाचं.
धान्याची असेल तर वर राहतं ते.
आणि आमच्याकडे खालचंही कुणी फेकत नाही, गुरांना जातं.
त्यांच्यातले पडलेले कुठे जातात?"

दुसऱ्या ठिकाणी उलटं चालणारं कुणी नव्हतं.
तळघरात जीवशास्त्राची खोली, खोकणारा हीटर,
आणि लिंडक्विस्टबाई, बुटांना चिखल.
त्यांनी माझं नाव वाचलं, सोल्व्हिग.
थांबल्या. घरी कसं म्हणतात?
सोल्वे, मी म्हटलं. शेवटी ग आहे, पण बोलत नाही.
मग मी तोच प्रश्न विचारला.
त्यांनी वही काढली, बोटाने ओळी मोजल्या.
एकवीस आले. नऊ जणांनी अर्ज भरले. पाच लागले.
एक यंदा पुन्हा बसतोय.
एक चीज बनवते, आणि ती माझी सगळ्यात हुशार मुलगी होती.
वही त्यांनी मिटली नाही, माझ्याकडे वळवून ठेवली.

शाळेतले समुपदेशक म्हणाले होते,
निबंधात भावाचं लिही.
गावातला प्रसूती विभाग बंद झाला त्या डिसेंबरात
एरिक झाला हायवेवर, एकशे चौदाव्या मैलाशी.
मी सात वर्षांची, पुढे ड्रायव्हरजवळ.
मागे बघू नकोस, तो म्हणाला, म्हणून मी आरशात बघितलं.
लिहिलं असतं तर जाड पाकिटातली मदत वाढली असती, कदाचित.
पण तो एरिकचा जन्म आहे,
माझा निबंध नाही.

आता त्या पाकिटात, सगळं वजा जाता,
वर्षाला एकतीस हजार आमच्या बाजूला उरतात.
साध्या पाकिटात फक्त खानावळ.
आणि खरं शिक्षण, खरं कर्ज, त्याच्याही पुढे.
हिशोब सोपा आहे. तेच खुपतं.
स्वस्त म्हणून निवडलं, की त्या उघड्या वहीसाठी,
हे मलाच नीट सांगता येत नाही.
कुणी चार वर्षांनी मुलाखतीत विचारलंच,
हे कॉलेज कुठे आलं,
तर काय सांगू? चिखलाच्या बुटांपाशी?

आई वृद्धाश्रमात रात्रपाळीला गेली.
जाताना एवढंच म्हणाली,
मी रोज ज्यांचे पाय पुसते
त्यातल्या कुणी डॉक्टरला कधी कॉलेज विचारलं नाही.
मग दारातून परत आली,
विचारायला हवं होतं एकदोघांना, म्हणाली.

मी बटण दाबलं.
पडद्यावर आलं, अभिनंदन सोल्व्हिग,
ग सकट.
ओव्हनवर दहा बावन्न.
बाबा उठला, घड्याळ नीट लावायला,
मग बोट तिथंच ठेवून म्हणाला,
राहू दे. नोव्हेंबरात आपोआप बरोबर होईल.