लाल रेघ

वारा तीन रात्री घोंघावून गेला शेटलंडवरून.
चौथ्या सकाळी पडद्यावर एकच ओळ: सिग्नल नाही.
ओस्ला शिडी घेऊन बाहेर, मी तिच्या खिडकीत.
माझं काम आकडा ओरडायचं.

आधी केबल. टोक उघडलं तर
तांब्यावर हिरवट मीठ चढलेलं.
तिनं ते खरवडलं, फुंकलं,
स्वेटरच्या बाहीला पुसलं.
"आता?"
"शून्य."

इथली तबकडी आभाळाकडे फारशी बघतच नाही.
उपग्रह दक्षिणेला, इतका खाली
की ती समुद्राकडे डोळे लावून बसल्यासारखी वाटते,
कुणाची बोट यायची राहिलीय तशी.

खांबावर नेलपॉलिशची लाल रेघ आहे,
गिबी होता तेव्हाची, त्याच्याच हातची.
ओस्लानं रेघेला रेघ जुळवली, नट आवळला.
"आता?"
"शून्य."
पुन्हा वाकून पाहिलं. केसभर चूक नाही.

मग तिनं दोरीला पाना बांधला
आणि ओळंबा सोडला.
दोरी सरळ.
खूण बरोबर होती,
खांबच कलला होता.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
वाऱ्यात पाना तेवढा हलत होता.
मग नट सैल केला, रेघ सोडली,
तबकडी सरकवली करंगळीच्या नखाएवढी.
"नऊ!" मी ओरडलो. "एकतीस! थांब, गेलं!
जरा मागे घे... अठ्ठावन्न!"

पडद्यावर कुणीतरी कांदा चिरत होतं,
अगदी स्वच्छ रंगात.
ती बघायला आली नाही.
शिडीवरूनच म्हणाली,
तुझ्या बायकोकडे नेलपॉलिश असेल का रे?
कुठलंही चालेल,
लाल सोडून.