तिसरा ट्रे

ऑगस्ट लागला की आमच्याकडे लगीनघाई.
ऑफिस म्हणजे काय, नेब्रास्कातल्या एका गावात
ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरची दीड खोली,
खालून येणारा वंगणाचा वास,
आणि एक पंखा, जो मान फिरवताना
दर वेळी डावीकडे अडतो.
बाहेर मका डोक्याच्या वर गेलाय.
आत कागद.

ट्युला फोनवर:
हो, केक भाजणं गणितात धरता येईल,
पण रोज नाही.
नाही हो, शेळीचं बाळंतपण विज्ञानातच घाला,
इतिहासात कशाला?

अर्डिस चेक तपासते,
न केलेल्या सह्यांवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवते.
पोस्टाची तिकिटं संपली म्हणून
सकाळपासून कुणावर तरी रागावलीय,
बहुधा माझ्यावर.

मी टपाल उघडते.
दोनशे बारा घरं, प्रत्येक घर एक शाळा,
आणि सगळ्यांना पंधरा तारीख आठवते ती दहा तारखेला.
पाकिटांतून काय काय निघतं.
अर्जाला चिकटलेला जॅम. वाळूचे कण.
एकदा तर दुधाचा दात,
कुणाचा ते अजून कळलेलं नाही,
टाचण्यांच्या डबीत ठेवलाय.

माझ्यापुढे दोन ट्रे. पूर्ण. अपूर्ण.
चौदा वर्षांत तिसरा लागला नाही.

माणसं मला भेटत नाहीत, अक्षरं भेटतात.
हॅटी व्हॅन्झँटचं अक्षर घाईतलं, उजवीकडे कललेलं,
स्वयंपाक गॅसवर ठेवून लिहिल्यासारखं.
शेवटच्या रकान्यात, जिथे काही लिहायचं नसतं,
तिथे ती दर वर्षी विचारायची:
गारपिटीत तुमची खिडकी वाचली का?
मी उत्तर दिलं नाही कधी.
ऑगस्टात कुणाला वेळ असतो?

काल त्यांचं पाकीट आलं.
पत्ता तोच. अक्षर दुसरं,
गोल, पेन्सिलीतलं, खोडरबराने कागद विरलेला.
मुलं: तीन. मागच्या वर्षी चार होती.
शिकवणाऱ्याचं नाव: कॉर्डेलिया व्हॅन्झँट. वय: सतरा.
नात्यासमोर आधी 'बहीण',
ते खोडून 'आई',
तेही खोडून पुन्हा 'बहीण', दाबून लिहिलेलं.
खाली वडिलांची सही, नुसती एक रेघ.

शिकवणारी व्यक्ती पालकच असावी.
नियम साधा आहे. टाइप मीच केला होता.
अर्डिस म्हणाली, बापाचं नाव घाल की.
म्हटलं, मग तिचं कुठे घालू?

फोन लावला. सात वेळा वाजला.
एका लहान मुलाने उचलला.
कॉर्डी बाहेर कपडे वाळत घालतेय, म्हणाला,
निरोप लिहून घेऊ? मला आता लिहिता येतं.
घे, म्हटलं.
तो पेन्सिल शोधायला गेला.
लांब कुठेतरी दार आपटलं, कुत्रं भुंकलं,
आणि तेवढ्या वेळात
मला काय सांगायचं होतं तेच सुचेना.

लिही, म्हटलं:
गारपिटीत आमची खिडकी वाचली.

गारपीट कशी लिहायची?

मी एकेक अक्षर सांगत गेले.
ट्युलाने आपला फोन छातीशी धरून ठेवला.
पंखा डावीकडे अडला, सुटला.

अर्ज कॉफीच्या मगाखाली आहे.
त्यावर एक तपकिरी वर्तुळ उमटलंय.
दुसऱ्या कुणी असा पाठवला असता
तर मी परत केला असता.
पंधरा तारखेला अजून चार दिवस आहेत.